मावळतीच्या उजेडातली चढाई

बैहरहून बालाघाटला येणारी बस घाटात शिरली की मोबाइलची रेंज जाते. त्या शनिवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी दादाकडेच निघाले होते आणि रेंज जायच्या अगदी तोंडावर वहिनीचा फोन आला. "शोभाबाई, तुमच्या दादाले..." एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. पुढं सगळा घाट, वळणामागून वळण, दोन्ही बाजूंना सालाची झाडं आणि हातात मुका फोन. दादा पुन्हा कुठे धडकला असेल, पडला असेल, असंच मला वाटत होतं. त्याच्या धडकण्याची आणि पडण्याची आम्हाला सवय होती. मनातल्या मनात मी त्याला रागावलेही, की कितीदा सांगितलं, एकटा जिना उतरत जाऊ नको म्हणून. घाट उतरल्यावर फोन थरथरायला लागला. एकामागून एक निरोप येत राहिले. एकही उघडायच्या आधी मला कळून चुकलं, की नुसत्या पडलेल्या माणसासाठी इतके निरोप येत नसतात...

दुपारी जेवून तो आडवा झाला होता. छातीत दुखतं म्हणाला, पाणी मागितलं आणि वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा मोठा भाऊ मधुकर. बालाघाटच्या बाजारात तो मधूभाऊ फोटोवाले म्हणून सगळ्यांना ठाऊक होता. या भागातल्या कितीतरी घरांत लग्नाचा अल्बम उघडला, तर त्यातली हळद, मांडव, पाठवणी त्याच्या कॅमेऱ्यातून आलेली असते. पण त्याला जाऊन काही आठवडे झाले आहेत, आणि माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्या अल्बमांतले फोटो नाहीत. मला दिसतात ते दिवस मावळताना काढलेले, दाणेदार, काळपट फोटो. मातीत धावणाऱ्या पोरी, हवेत उडालेली वेणी, घोट्यापाशी पोचलेला हात. हे फोटो त्याने कुणाला विकले नाहीत, कुठे पाठवले नाहीत. ते त्याने का काढले, हे घराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. ते सांगायला म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

आमचं लहानपण किरनापूरकडच्या एका खेड्यात गेलं. संध्याकाळी गावातली सगळी पोरं लपंडाव खेळायची आणि दादा मात्र ओट्यावर बसून असायचा. एकदा पोरांच्या नादाने तोही धावला आणि अंगणात सोडून ठेवलेल्या बैलगाडीच्या जुवावर कपाळ आपटून रक्तबंबाळ झाला. बाबांना वाटायचं, पोरगा धांदरट आहे. आई म्हणायची, गाजरं खाऊ घाला, शेवग्याचा पाला खाऊ घाला. दिवसा त्याला सगळं नीट दिसायचं, त्यामुळे संध्याकाळी दिसत नाही हे त्याच्या तोंडून कुणाला खरंच वाटत नसे. मला वाटायचं, कारण मी त्याच्या शेजारी बसायचे. "शोभे, आता कोण धावून राह्यलं?" तो विचारायचा. मी सांगायचे, आता अमका धावतो आहे, आता तो पडला, आता उठला. तो समोरच्या अंधाराकडे बघून हसायचा, जणू सगळं त्यालाही दिसत होतं.

शिक्षणात त्याचं मन रमलं नाही. बालाघाटला एका फोटो स्टुडिओत कामाला लागला आणि तिथे मात्र तो खुलला. स्टुडिओत दिवे होते. लग्नांत फ्लॅश होता. पुढे त्याने स्वतःचं दुकान थाटलं, लग्न झालं, पल्लवी झाली. रात्रीच्या लग्नांना तो मदतनीस पाठवायचा, स्वतः दिवसाचे विधी काढायचा आणि लोकांना वाटायचं, मोठे झाले, आता मधूभाऊ रात्री जागत नाहीत. मग एक दिवस दुकानात समोरून आलेल्या गिऱ्हाईकाने मिळवायला पुढे केलेला हात त्याला दिसलाच नाही. भर दुपारी. वहिनीने त्याला नागपूरला नेलं, मीही सोबत होते. डॉक्टर चांगले होते, सावकाश बोलत होते. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, म्हणाले. आधी कमी उजेडातलं दिसणं जातं, मग बाजूचं जातं आणि नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरतं. त्यावर उपाय नाही. हा आजार कुटुंबात पुढच्या पिढीतही उतरू शकतो, मुलांचे डोळे तपासून घ्या, असंही म्हणाले. दादा ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "साहेब, मले संध्याकाळचं दिसत नाई, पण कॅमेऱ्याले दिसते ना?" डॉक्टर जरा गोंधळले. मग म्हणाले, "कॅमेऱ्याला दिसेल, हो. का दिसणार नाही?"

घरी आल्यावर दादा वहिनीला आणि मला एवढंच म्हणाला, की हे बाहेर कुठे बोलायचं नाही. पल्लवीसमोर तर नाहीच. घराण्यात असा आजार आहे म्हटल्यावर उद्या पोरीच्या लग्नात लोक काय काय विचारतील, हे वहिनीच्याही मनात होतं. आम्ही दोघी गप्प राहिलो. पल्लवीला सांगितलं, बाबांच्या चष्म्याचा नंबर वाढला आहे.

पल्लवी तेव्हा शाळेत कबड्डी खेळायला लागली होती. काटक, लांब हातापायांची पोर, चढाईला गेली की समोरच्या सातजणींमधून मासोळीसारखी निसटायची. आमच्याकडे धान कापून झालं की गावोगाव सामने होतात. लामत्याला, किरनापूरला, मोकळ्या वावरात चुन्याने मैदान आखतात. दुपारी लहान पोरांचे सामने होतात आणि रंगतदार सामना नेमका दिवस बुडताना सुरू होतो. बांबूला टांगलेले दोन-तीन बल्ब, त्यांचा पिवळा उजेड मैदानाच्या मधोमध पोचेपर्यंत विरून गेलेला. या अशा सामन्यांचे फोटो काढायला दादा जाऊ लागला. सोबत बहुतेक वेळा मी असायचे. माझा दंड धरून तो मैदानाभोवतीच्या दोरीपाशी येऊन उभा राहायचा आणि लोकांना वाटायचं, भावाबहिणीचं किती गूळपीठ आहे.

पहिल्या सामन्यात त्याने फ्लॅश मारला आणि चढाईला आलेली पोरगी डोळे दिपून अडखळली. पंचांनी शिट्टी वाजवून सांगितलं, भाऊ, चमकवायचं नाही. मग फ्लॅशशिवाय काढायचे प्रयत्न सुरू झाले आणि फोटोत नुसते धुराचे लोट येऊ लागले. त्याने मला तेव्हा समजावून सांगितलं होतं. मिणमिणत्या उजेडात पळणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा तर दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर उजेड मिळतो, पण माणूस पुसला जातो. शटर झटकन मिटलं तर माणूस जागच्या जागी थांबतो, पण फोटो काळा येतो. "मंग काय करतं?" मी विचारलं. "मोठ्या तोंडाची लेन्स लावाची, आयएसओ, म्हंजे कॅमेऱ्याची उजेड ओढाची ताकत, चढवाचा. फोटोत वाळूसारखे दाणे येतात, येऊ दे. चेहरा पुसला नाई पाह्यजे, बस." शिवाय अंधारात कॅमेऱ्याचा आपोआप होणारा फोकस चाचपडत बसतो म्हणून तो बंदच करून टाकायचा. दिवस असेतोवर मधल्या चुन्याच्या रेषेपलीकडे चार पावलांवर एखादा दगड ठेवायला सांगून त्यावर फोकस जुळवायचा, दगड उचलायला लावायचा आणि मग लेन्सच्या कड्याला हात लावायचा नाही. पोर तिथे येईल तेव्हा ती नीट दिसेल, एवढी तयारी करून ठेवायची.

पण ती तिथे आली हे त्याला कळणार कसं? सुरुवातीला मी सांगायचे, आता उजवीकडे, आता पुढे... लहानपणी सांगायचे तसंच. एकदा तो वैतागला. "शोभे, तू बोलू नोको. तुया आवाजात पावलं ऐकू येत नाई." मी गप्प झाले आणि बघत राहिले. मान खाली, डोळे मिटलेले, कॅमेरा गालाशी. कबड्डी-कबड्डीचा दम घुमत रेषा ओलांडून यायचा. त्याने सांगितल्यावर मलाही ऐकू यायला लागलं, की पोरगी मागे वळायच्या क्षणी तिचा दम किंचित अडकतो आणि मातीवर टाच जोरात घासते. वळणारं शरीर त्या एका क्षणापुरतं जवळजवळ स्थिर असतं. तेवढ्यात दादाचं बोट दाबलेलं असायचं. सगळेच फोटो साधत नसत. पुष्कळ वाया जायचे. पण जे साधायचे ते बघून शाळेतल्या पोरी खिदळायच्या, स्वतःलाच ओळखायच्या नाहीत.

एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी होते. खिडकीतून ऊन आलं होतं, पल्लवी सरावाला गेली होती आणि दादा संगणकासमोर आदल्या दिवशीचे लामत्याचे फोटो बघत होता. पडद्याला नाक लागेल इतका जवळ बसून, एकेक फोटो मोठा करत. पल्लवी पूर्ण हवेत उडालेली, खाली दोघीजणी झेपावलेल्या, असा एक अप्रतिम फोटो त्याने माझ्यादेखत पुसून टाकला आणि पाय कापले गेलेला, तिरका आलेला दुसरा ठेवला.

"अरे, तो काहून पुसला? किती मस्त आलता!"

"डोये नाई दिसून राह्यले त्यात," तो म्हणाला.

डोळे दिसत नाहीत म्हणून फोटो पुसायचा, हे मला काही समजलं नाही. त्याने तो तिरका फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, नुसता पल्लवीचा चेहरा उरेपर्यंत. मग माझं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "पाह्य. तोंड समोर हाय तिचं. पण बुबुळं पाह्य कुठं हायेत. ह्या कोपऱ्यातून ही पोरगी धराले येऊन राह्यली, अन् तिथं बल्ब बी नाई, पुरा अंधार हाय. तरी पल्लवीले दिसली ते. दिसली ना? सांग ना शोभे, तिकडंच पाहून राह्यली ना ते?"

हौ, म्हटलं, तिकडेच पाहते आहे. आणि मग मला एकदम उमगलं. डॉक्टरांनी पोरीचे डोळे तपासायला सांगितलं होतं आणि दादाची तिला नागपूरला न्यायची हिंमत झाली नव्हती. न्यायचं तर तिला सगळं सांगावं लागलं असतं आणि तिथे काय ऐकावं लागेल याची त्याला धास्ती होती. म्हणून तो दर सामन्याला जाऊन, अंधारात धावणाऱ्या पोरीचा एकेक क्षण थांबवून घरी आणत होता आणि दिवसाच्या उजेडात तिची नजर तपासत होता. बाजूने येणारा हात तिला दिसतो का. अंधारातली रेषा दिसते का. आपलं जे पहिल्यांदा गेलं, ते तिचं शाबूत आहे का. "मागच्या साली बी दिसत होतं, या साली बी दिसते," तो हळूच म्हणाला आणि पुढचा फोटो उघडला.

हे असंच चाललं असतं. पण किरनापूरला त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात पल्लवीने अखेरच्या चढाईत दोघींना बाद केलं आणि संघ जिंकला. मैत्रिणींनी तिला खांद्यावर घेतलं. खांद्यावरूनच ती दोरीकडे, आम्ही उभे होतो तिकडे, दोन्ही हात हलवत राहिली. मी हात केला. दादा मात्र कॅमेरा खाली घेऊन सरळ तिच्याच दिशेला तोंड करून उभा होता, चेहऱ्यावर काहीच नाही. गोंगाटात तिचा आवाज त्याला सापडत नव्हता. मी त्याचा दंड दाबून सांगेपर्यंत पोरींचा घोळका दुसरीकडे वळला होता.

जीपमध्ये पल्लवी खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर बॅग टाकली आणि फुटली. भांडायला लागली की आमच्याकडची पोरं अर्धी हिंदीत जातात. "आपको बस फोटो चाहिए, बाबा! मैं हाथ हिला रही थी, सामने खड़े थे आप, देखा तक नहीं. आत्याने हात केला. तुम्ही नाही." वहिनी मधे पडायला गेली, दादाने तिला थांबवलं. खुर्चीत बसला, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बेटा, तू जिथं होती ना, तिथं मले अंधार होता," तो म्हणाला. "आज नाई, लहानपणापासून. दिवस मावळला का मले काई दिसत नाई."

पल्लवी उभीच राहिली. "मग फोटो?"

"तुया दमावर काढतो. अन् पावलांवर."

मग तिने जे विचारलं, त्याचीच भीती दादाला इतकी वर्षं होती. "मुझे भी होगा क्या?" दादा उठला, भिंत धरत संगणकापाशी गेला आणि तिला एकेक फोटो दाखवू लागला. हे पाह्य, हे तुये डोये, ह्यात बी पाह्य... पल्लवी त्याच्या मागे उभी राहून बघत होती. बघता बघता तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "हे सगळं ठीक आहे, बाबा," ती म्हणाली, "पण डॉक्टरला दाखवू. चला, नागपूरला जाऊ."

आम्ही चौघंही गेलो. तपासण्यांना वेळ लागला. डोळ्यांत थेंब घालून पल्लवी बसली होती आणि तिच्या शेजारी दादा असा ताठ बसला होता, जणू निकाल त्याचाच लागणार होता. डॉक्टरांनी सांगितलं, मुलीचा पडदा निर्दोष आहे, नजर उत्तम आहे, अधूनमधून दाखवत राहा, पण घाबरायचं काही कारण नाही. वहिनी रडायला लागली. दादा म्हणाला, "मले ठाऊकच होतं." मग बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, नळ कुठं आहे. मी त्याला नेऊन उभं केलं. तो तोंड धूत राहिला, पुन्हा पुन्हा ओंजळ भरत. मागे पाण्यासाठी माणसं खोळंबली होती, तरी मी त्याला आवर म्हटलं नाही.

त्यानंतरच्या लामत्याच्या सामन्यात एक गंमत झाली. पल्लवी चढाईला निघाली ती कबड्डी-कबड्डी असं ठणठणीत ओरडतच. मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिच्या सरांनी बाजूने दटावलं, "अगं, दम वाचव! एवढी काहून कोकलते?" तिने ऐकलं नाही. पुढच्या चढाईतही तसंच, त्याच्या पुढच्याही. आवाज कुठून कुठे सरकतो आहे, कुठे वळतो आहे, हे डोळे मिटून सांगता येत होतं. माझ्या शेजारी दादा हसत होता. "कान फोडते पोरगी," म्हणत होता आणि बोट दाबत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कॅमेऱ्याची मागची बाजू ओली झाली होती. त्या संध्याकाळच्या फोटोंइतके चांगले फोटो त्याने आधी किंवा नंतर कधी काढले नाहीत, असं माझं मत आहे. त्यात पल्लवीचं तोंड नेहमी उघडं आहे.

पुढे पल्लवी पोलिसात भरती झाली आणि जबलपूरला गेली. तिथेही ती खेळते. दादाच्या नजरेची नळी मात्र अरुंद होत गेली. दुकान त्याने मदतनिसाच्या हवाली केलं, मग दिवसाही त्याला एकटं बाहेर पडणं कठीण झालं. तरी धान कापून झालं की लामत्याला जायचा हट्ट करायचा. दोरीपाशी खुर्ची टाकून बसायचा, कुणाच्याही पोरी असोत. घरी आल्यावर फोटो आता वहिनीने बघायचे. "आला का?" तो विचारायचा. वहिनीने कधी खोटं सांगितलं नाही. "नाई आला. नुसते पाय आलेत," ती म्हणायची, आणि तो, "असू दे, पुढच्या खेपी," म्हणून कॅमेरा पुसायला घ्यायचा.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं गच्चीवर उन्हात बसलो होतो. मी संत्रं सोलून त्याच्या हातात फोडी देत होते. तो एकदम म्हणाला, "शोभे, थांबलेली पल्लवी म्या लय पाह्यली. हजार फोटोत पाह्यली असन. पण चढाईत धावताना कशी दिसते गं ते? दिवसाच्या खेळात पाह्याचं म्हणलं तर नळीतून निसटून जाते. एकदा, कॅमेरा बाजूले ठेवून, नुसती धावताना पाहाची होती..." मी सांगायचा प्रयत्न केला. जाताना कशी वाकते, वळताना कशी झुलते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की हे सांगता येत नाही. तो मात्र लक्ष देऊन ऐकत होता, हातातली फोड तशीच धरून. त्याची माझी निवांत अशी ती शेवटचीच भेट ठरली.

परवा रविवारी मी बालाघाटला गेले. पल्लवी रजा घेऊन आली होती. दादाच्या घरात दारापासून मागच्या अंगणापर्यंत सरळ एक बोळ आहे. त्या बोळात गेली कित्येक वर्षं चप्पल नाही, बादली नाही, स्टूल नाही, काहीही ठेवायचं नाही असा नियम होता. पाहुण्यांनी सामान ठेवलं तरी वहिनी हसत हसत उचलून बाजूला करायची. पल्लवी बाहेरून आली, बाजारातून आणलेल्या भाजीची जड पिशवी तिने बोळातच टेकवली आणि हात मोकळे करत उभी राहिली. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "पल्लवी, वाटेत नोको ठेवू, तुया बाबाले..."

वहिनी दारात येऊन उभी होती, हाताला पीठ लागलेलं. पल्लवीने आईकडे बघितलं, खाली वाकली, पिशवी उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. मग आपल्या चपला, माझ्या चपलाही, एकेक करून आत सरकवल्या. बोळ पुन्हा मोकळा झाला. आम्ही तिघी बराच वेळ मधली वाट सोडून बोळाच्या कडेकडेने चालत होतो.